शेगडीचं भाडं कुणी मागतं का?

अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसन गावी यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात तिळगुळापेक्षा जास्त वेळ केबलच्या बिलांना मिळाला. एका मैत्रिणीने फोनवर तक्ताच करून आणला होता. चार कंपन्या, चार रकाने: डीव्हीआरचा, म्हणजे कार्यक्रम टिपून ठेवणाऱ्या खोक्याचा, महिन्याचा आकार, पहिल्या टीव्हीचं खोकं (सेट-टॉप बॉक्स), पुढच्या प्रत्येक टीव्हीचं खोकं आणि एचडीसाठीचे वेगळे पैसे. मग सुरू झालं. एकीचं म्हणणं, डिशवाल्यांचं रेकॉर्डिंग सगळ्यांत स्वस्त. दुसरी म्हणाली, छे, फायबरवाले तेच काम निम्म्यात करतात. तिसरीने सगळं सोडून इंटरनेटवरची सेवा घेतली होती आणि तिच्या मते आम्ही सगळ्याच जुन्या काळात अडकलो होतो. तासभर हे चाललं आणि शेवटी जिची कंपनी तक्त्यात सर्वांत खाली होती ती जरा हिरमुसून घरी गेली. मला तेव्हाही वाटलं आणि अजून वाटतं की तक्ता बरोबर होता, प्रश्न चुकला होता. रेकॉर्डिंगच्या खोक्याचं कुणाचं भाडं कमी, हे विचारताना आपण भाडं द्यायचं हे आधीच कबूल करून बसतो. मुळात ते का द्यायचं, हे विचारायला हवं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. घरात आलेला कार्यक्रम आपल्या सोयीच्या वेळी बघण्यासाठी टिपून ठेवणं हा प्रेक्षकाचा हक्क आहे. त्यासाठी लागणारं यंत्र कार्यक्रम पुरवणाऱ्या कंपनीकडूनच, आणि तेही न संपणाऱ्या मासिक भाड्यानेच घ्यावं लागणं, हा त्या हक्कावर बसवलेला कर आहे. आपल्याकडे गॅस घरी येतो तेव्हा सिलिंडर कंपनीचा असतो, त्याची अनामत भरलेली असते आणि कनेक्शन परत केलं की ती परत मिळते. शेगडी मात्र आपली. दोन बर्नरची घ्या, चार बर्नरची घ्या, सासूबाईंची पस्तीस वर्षांपूर्वीची दुरुस्त करून वापरा. कुठली गॅस कंपनी महिन्याच्या महिन्याला शेगडीचं भाडं लावते? आणि लावलं असतं, तर कुठल्या कंपनीच्या शेगडीचं भाडं दोन रुपयांनी कमी यावर आपण हळदीकुंकवात वाद घातला असता का?

तुलना करणाऱ्यांची बाजू मला कळते. पैसे खरे आहेत आणि ते दर महिन्याला खात्यातून जातात. कायदा बदलेल तेव्हा बदलेल, या महिन्यात पंधरा डॉलर वाचत असतील तर का सोडायचे? हे म्हणणं रास्त आहे. पण ही तुलना नीट करता येऊ नये अशीच तिची मांडणी केलेली असते. एक कंपनी ‘डीव्हीआर सेवा’ म्हणून पैसे लावते. दुसरी रेकॉर्डिंग फुकट म्हणते आणि ‘प्रगत रिसीव्हर’ नावाची वेगळी ओळ बिलात घालते. तिसरी ‘एचडी तंत्रज्ञान’ म्हणते, चौथी सगळं ‘होल होम’ या नावाखाली गुंडाळते. समजा, पहिल्या कंपनीचा रेकॉर्डरचा आकार २० डॉलर आहे आणि पुढच्या प्रत्येक टीव्हीला १० डॉलर. दुसरीकडे रेकॉर्डिंगला शून्य, पण रिसीव्हर सेवेचे १५ आणि प्रत्येक टीव्हीचे, पहिला धरून, ७. घरात एक टीव्ही असेल तर पहिली कंपनी २० ला पडते आणि दुसरी २२ ला. टीव्ही तीन असतील तर पहिली ४० ला, दुसरी ३६ ला. म्हणजे ‘स्वस्त कोण’ याचं उत्तर कंपनीपेक्षा तुमच्या घरातल्या खोल्यांवर ठरतं. आणि हे आकडे सवलतीची मुदत संपेपर्यंतचे. मुख्य गोष्ट तर पुढेच आहे. त्या जिंकलेल्या, स्वस्त ३६ डॉलरचे पाच वर्षांत २,१६० डॉलर होतात, आणि पाच वर्षांनी तुमच्या हातात काय उरतं? खोकं परत करायचं असतं. नाही केलं तर त्याचीही किंमत लावतात. घराचा हप्ता कधीतरी फिटतो, गाडीचा फिटतो. हे भाडं फिटत नाही.

२०१५ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमधल्या एडवर्ड मार्की आणि रिचर्ड ब्लूमेंथाल या दोघांनी मोठ्या दहा पे-टीव्ही कंपन्यांकडून माहिती मागवली होती. सुमारे ९९ टक्के ग्राहक खोकं भाड्याने घेत होते, आणि सरासरी कुटुंब त्यापायी वर्षाला २३१ डॉलर भरत होतं. देशभरात हा आकडा वर्षाला सुमारे २० अब्ज डॉलरवर जात होता. बाजारात खरी निवड असते तेव्हा शंभरातले नव्याण्णव लोक एकच पर्याय निवडत नाहीत. कुणी विकत घेतो, कुणी भाड्याने, कुणी भावाकडचं जुनं आणतो. नव्याण्णव टक्के ही आवड नाही, दुसरं दार बंद असल्याची ती खूण आहे.

हे दार नेहमीच बंद नव्हतं, आणि वाद घालणारे बहुतेक जण इथेच इतिहास विसरतात. सोनीने बीटामॅक्स हा कॅसेटवर टीव्ही टिपणारा व्हीसीआर १९७५ मध्ये बाजारात आणला. पुढच्याच वर्षी युनिव्हर्सल आणि डिस्ने हे स्टुडिओ कोर्टात गेले: घरी बसून आमचे कार्यक्रम टिपणं म्हणजे चोरी आणि हे यंत्र चोरीचं हत्यार. चित्रपट उद्योगाचे प्रवक्ते जॅक व्हॅलेंटी यांनी १९८२ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर व्हीसीआरची तुलना बायकांचे गळे घोटणाऱ्या बोस्टनच्या खुन्याशी केली होती. बीटामॅक्सच्या खटल्यात मात्र टीव्हीवरचे, लहान मुलांचे लाडके मिस्टर रॉजर्स साक्षीला उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं की माझा कार्यक्रम लोकांनी टिपून घ्यावा, आईबापांना मुलांसोबत सवडीच्या वेळी बसून बघता यावा, यात मला काही गैर वाटत नाही. १७ जानेवारी १९८४ ला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी त्या निकालात रॉजर्स यांच्या साक्षीची दखल घेतली. नंतर बघण्यासाठी घरी केलेलं रेकॉर्डिंग कायद्याच्या चौकटीत बसतं, हे तेव्हाच ठरलं. आणि ज्या यंत्राने गळा घोटला जाणार होता, त्याच्याच कॅसेटींवर पुढे स्टुडिओंनी बक्कळ कमाई केली.

तो व्हीसीआर कुणाचा होता? ज्याने दुकानातून आणला त्याचा. त्याला ना कंपनीची परवानगी लागत होती, ना महिन्याचा आकार. १९९९ मध्ये टिवो आला, हार्ड डिस्कवर रेकॉर्ड करणारा, तोही दुकानात मिळायचा. टिवोची स्वतःची वर्गणी होती हे खरं, पण आयुष्यभराचे पैसे एकदाच भरून मोकळं होण्याची सोयही होती. मग बदललं ते काय? सिग्नल डिजिटल झाला, त्याला कुलूप लागलं आणि किल्ली फक्त कंपनीच्या खोक्यात राहिली. दुकानातल्या रेकॉर्डरला चॅनेल बदलण्यासाठी कंपनीच्या खोक्यासमोर इन्फ्रारेडची छोटी तार चिकटवावी लागायची, आणि एक आकडा चुकला की तासभर भलतंच रेकॉर्ड व्हायचं. हक्क कोर्टाने दिलेलाच होता, तो कुणी काढून घेतला नाही. तो ज्या यंत्रातून वापरायचा ते यंत्र तेवढं भाड्याचं झालं.

दूरध्वनीच्या बाबतीत हाच खेळ आधी होऊन गेलेला आहे, म्हणून मला या वादात तो सारखा आठवतो. अमेरिकेत कित्येक दशकं घरातला टेलिफोन बेल कंपनीचा असायचा आणि त्याचं भाडं बिलात यायचं. दुसऱ्याचं काहीही त्याला जोडायला मनाई. आवाज बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून रिसीव्हरवर बसवायचं साधं टोपण विकणाऱ्या हश-अ-फोनलासुद्धा हक्कासाठी भांडावं लागलं, आणि १९५६ मध्ये अपील कोर्टाने त्याला न्याय दिला. १९६८ मध्ये टेक्सासच्या थॉमस कार्टरच्या कार्टरफोन या फोनला रेडिओ जोडणाऱ्या यंत्राच्या प्रकरणात दूरसंचारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने (एफसीसी) ठरवलं की जाळ्याला इजा होत नसेल तर ग्राहक स्वतःचं उपकरण जोडू शकतो. तेव्हाही कंपनीचे इशारे हेच होते: परक्या यंत्रांनी जाळं बिघडेल, सेवेचा दर्जा घसरेल, जबाबदारी कुणाची? जाळं बिघडलं नाही. उलट त्या मोकळ्या जागेत आन्सरिंग मशीन आलं, फॅक्स पसरला, मोडेम आला आणि मोडेमवरून इंटरनेट आलं. बेल कंपनीची विभागणी १ जानेवारी १९८४ पासून अमलात आली, म्हणजे बीटामॅक्सच्या निकालाच्या बरोबर सोळा दिवस आधी. एकाच महिन्यात अमेरिकेने दोन गोष्टी मान्य केल्या, की फोन आपला असू शकतो आणि रेकॉर्डिंग आपलं असू शकतं. फोनचं पुढे काय झालं ते आपल्या खिशात आहे. टीव्हीच्या खोक्याची गाडी मात्र उलट्या दिशेने गेली.

आपल्याकडच्या वाचकांना यासाठी अमेरिकेपर्यंत यायची गरज नाही. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सची ‘मॉन्सून हंगामा’ योजना आली होती, ५०१ रुपयांत मोबाइल. हजारो घरांत पहिला फोन त्या योजनेने आला, ते श्रेय कुणी नाकारू नये. पण तो हँडसेट त्याच कंपनीच्या जाळ्याला बांधलेला होता, त्यात दुसऱ्याचं सिम घालायची सोय नव्हती. भारतात टिकलं आणि फोफावलं ते दुसरं चित्र: हँडसेट माझा, सिम कंपनीचं, आवडलं नाही तर सिम बदला. टीव्हीबाबत मात्र तिथेही जुनंच चित्र आहे. मुंबईत २०१२ च्या अखेरीस आणि पुणे-नागपुरात २०१३ मध्ये सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले, आणि एक डीटीएच कंपनी सोडून दुसरीकडे गेलं की जुना बॉक्स माळ्यावर जातो. दूरसंचार नियामक ट्रायने एप्रिल २०२० मध्ये शिफारस केली होती की बॉक्स कुठल्याही कंपनीसाठी चालेल असाच असावा. माझ्या भावाच्या कोल्हापूरच्या घरी माळ्यावर आजही असे तीन बॉक्स आहेत, तिन्ही चालू स्थितीत, तिन्ही निरुपयोगी.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे. पहिला आणि सगळ्यांत पटणारा असा: भाड्याने घेतलं तर बिघाडाची काळजी कंपनीची. हार्ड डिस्क कधी ना कधी जातेच. नवीन तंत्र आलं, चित्राची कोडिंग पद्धत बदलली, की विकत घेतलेलं यंत्र भंगारात आणि भाड्याचं असेल तर नवं फुकट बदलून मिळतं. यात तथ्य आहे. ज्यांना ही निश्चिंती हवी त्यांनी भाड्याने जरूर घ्यावं. पण ही निश्चिंती आमच्याच घरी काय भावाने पडली ते सांगते. आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. तिची मालिका इथे लागायची तेव्हा तिची झोपेची वेळ, म्हणून मी रोज रेकॉर्ड लावायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती चहाबरोबर बघायची. त्याच खोक्यात आमच्या गावाच्या केबल वाहिनीने दाखवलेली मिरवणूक होती. माझी मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची, लेझीम पथकात दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी. अकरा सेकंद ती पूर्ण पडद्यावर होती. खोकं अडकायला लागलं म्हणून मी तक्रार केली. तंत्रज्ञ आला, भला माणूस होता, वीस मिनिटांत नवं खोकं लावलं. जुनं काखेत मारून निघाला तेव्हा मी विचारलं, यातलं रेकॉर्डिंग? तो दारात थांबला आणि म्हणाला, ते या खोक्याबरोबरच जातं, दुसऱ्या कुठल्या यंत्रात ते उघडत नाही. आईने विचारलं, काय म्हणतो तो? मी सांगितलं. ती म्हणाली, “अगं, पण लेझीम तर आपल्या पोरीचं होतं ना?” दुरुस्ती फुकट झाली हे खरं. त्या वाहिनीने ती मिरवणूक परत दाखवली नाही.

भाड्याच्या खोक्याचा आणखी एक खर्च कुठल्याच तक्त्यात नसतो. रात्री सगळे झोपल्यावर त्या खोक्यावर हात ठेवून बघा, गरम लागेल. टीव्ही बंद असतो, खोकं बंद नसतं. नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये मोजणी प्रसिद्ध केली. एक एचडी डीव्हीआर आणि एक एचडी खोकं मिळून वर्षाला ४४६ युनिट वीज खात होते, म्हणजे नव्या, वीज वाचवणाऱ्या फ्रिजपेक्षाही जास्त. देशभरातल्या अशा खोक्यांची दोन तृतीयांश वीज कुणी काही बघत नसताना किंवा रेकॉर्ड करत नसताना जळत होती. असं का व्हावं? यंत्र निवडणारी कंपनी आणि विजेचं बिल भरणारे आपण. फ्रिज घेताना आपण दुकानात वाकून त्यावरचं विजेचं लेबल वाचतो, कारण पैसे आपले जाणार असतात. खोकं निवडताना ते लेबल वाचण्याचं कारण कंपनीला नव्हतं. या बोभाट्यानंतर कंपन्यांनी २०१२ च्या अखेरीस स्वतःहून करार करून खोक्यांची वीज कमी करायला घेतली, आणि ती पुढे कमीही झाली. म्हणजे जमत होतं. विचारणारं कुणी नव्हतं.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे: मोकळ्या यंत्राचा प्रयोग झाला आणि तो फसला. हे मी मान्य करते. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने आणलेल्या ६२९ व्या कलमात स्पष्ट म्हटलं होतं की केबलचं खोकं ग्राहकाला स्वतंत्र उत्पादकाकडून, दुकानातून घेता आलं पाहिजे. त्यासाठी केबलकार्ड आलं, सिमसारखं, टिवोसारख्या यंत्रात सरकवायचं. कुलपाची किल्ली कार्डात, बाकी यंत्र आपलं. पण ते चालू करून घेताना लोक रडकुंडीला यायचे, कंपनीची ‘मागणीनुसार’ सेवा त्यावर चालायची नाही, आणि सॅटेलाइटला ते लागूच नव्हतं. लोकांनी ते फार घेतलं नाही. २०२० मध्ये एफसीसी आयोगाने त्याची सक्ती काढून टाकली. याचा अर्थ लोकांना स्वतःचं यंत्र नकोच होतं का? त्याच भिंतीतून, त्याच तारेवरून, त्याच कंपनीचं इंटरनेट घरात येतं. त्याचा मोडेम मात्र मी दुकानातून विकत आणलेला आहे. डॉक्सिस नावाचं एक मानक ठरलं, ते सर्वांनी पाळलं, आणि आज वेगवेगळ्या उत्पादकांचे मोडेम लावता येतात. फोनवर यंत्राचा नंबर सांगितला की दहा मिनिटांत चालू. एकाच तारेच्या दोन टोकांना दोन न्याय कसे? फसलं ते कार्ड. ज्यांच्या भाड्यावर गदा येणार होती, ते कार्ड नीट चालवण्याचं काम त्यांच्याच हाती दिलं होतं.

तिसरा मुद्दा चोरीचा आणि करारांचा. खोकं मोकळं केलं तर कार्यक्रम चोरले जातील, जाहिराती उडवल्या जातील, छोट्या आणि अल्पसंख्य समाजांच्या वाहिन्या नव्या मेनूमध्ये कुठेतरी तळाला जातील. २०१६ च्या फेब्रुवारीत आयोगाचे अध्यक्ष टॉम व्हीलर यांनी खोकं खुलं करण्याचा प्रस्ताव तीन विरुद्ध दोन मतांनी पुढे नेला, तेव्हा हेच आक्षेप आले आणि ते सगळेच खोटे नव्हते. छोट्या वाहिन्यांची भीती तर मला जवळची वाटते, कारण मराठी वाहिनी इथे त्याच कोपऱ्यात असते. सप्टेंबरात मतदान ऐन वेळी रद्द झालं आणि पुढच्या जानेवारीत नव्या अध्यक्षांनी प्रस्ताव बाजूला काढला. पण त्यानंतर काय घडलं ते बघा. याच कंपन्यांनी आपली अॅप रोकू, अॅपल टीव्ही अशा आपण विकत घेतलेल्या यंत्रांवर आपणहून आणली. तेच कार्यक्रम, त्याच वाहिन्या, परक्याच्या यंत्रावर सुरक्षित चालतात. मग चोरीची भीती गेली कुठे? बघण्यासाठी परकं यंत्र चालतं आणि टिपण्यासाठी तेवढं चालत नाही, याला सुरक्षेचं कारण म्हणणं मला पटत नाही.

चौथा मुद्दा अर्थशास्त्राचा: एका ठिकाणी दाबलं की दुसरीकडे फुगणार. खोक्याचं भाडं काढलं तर कंपनी पॅकेजची किंमत वाढवेल, ग्राहकाला तेवढेच पडतील. वाढवू दे. जाहिरातीत जी किंमत दिसते तीच बिलात यावी, एवढं जरी झालं तरी पुष्कळ आहे. २०१९ च्या डिसेंबरात झालेल्या कायद्याने दोन गोष्टी केल्या. पे-टीव्ही कंपनीने उपकरणांसकट पूर्ण किंमत आधी सांगायची आणि ग्राहकाला दंड न भरता चोवीस तासांत माघार घेता यायची. आणि ग्राहकाचं स्वतःचं उपकरण असेल तर त्याचं भाडं लावायचं नाही. हा दुसरा नियम लिहावा लागला यातच सगळं आलं. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या यंत्राचं भाडं लोक भरत होते! शिवाय पैसे पॅकेजमध्ये गेले तर कंपन्यांना पॅकेजवर स्पर्धा करावी लागते, तिथे गिऱ्हाईक डोळे उघडे ठेवून असतं. बिलाच्या दुसऱ्या पानावरच्या सातव्या ओळीवर कोण कुणाशी स्पर्धा करतं?

आणि शेवटचा मुद्दा त्या तिसऱ्या मैत्रिणीचा: हा सगळा वादच कालबाह्य आहे, खोकंच उरलं नाही, रेकॉर्डिंग आता ढगात, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर, होतं. यूट्यूब टीव्हीसारख्या सेवेवर रेकॉर्डिंगला वेगळा आकार नाही, जागेची मर्यादा नाही. हा खरोखरच मोठा फायदा आहे, आणि तिच्या बिलात एक ओळ कमी झाली याचा मला आनंद आहे. पण ते रेकॉर्डिंग नऊ महिन्यांनी पुसलं जातं. २०१७ मध्ये ३५ डॉलरला सुरू झालेली ती सेवा २०२५ च्या जानेवारीत ८२.९९ डॉलरवर गेली, म्हणजे ‘फुकट’ रेकॉर्डिंगही कुठल्यातरी पैशातूनच चालतं. आणि ३० ऑक्टोबर २०२५ च्या रात्री जे घडलं ते तिने स्वतः अनुभवलं आहे. डिस्नेशी करार फिसकटला, एबीसी आणि ईएसपीएनसह त्यांच्या वाहिन्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर ग्राहकांनी त्या वाहिन्यांवरून आधीच करून ठेवलेली रेकॉर्डिंगही गेली. १४ नोव्हेंबरला समझोता झाला तेव्हा ती परत दिसू लागली. दोन कंपन्यांच्या भांडणात माझ्या कपाटातली कॅसेट कुणी उचलून नेली असती का? केबलव्हिजन या केबल कंपनीच्या खटल्यात २००८ मध्ये अपील कोर्टाने म्हटलं होतं की कंपनीच्या सर्व्हरवर प्रत झाली तरी ती करणारा बटण दाबणारा ग्राहक असतो. त्या निकालाने ढगातल्या रेकॉर्डिंगचा रस्ता मोकळा झाला. प्रत करताना ती ग्राहकाची आणि करार मोडला की ती कंपनीची, हे दोन्ही एकदम खरं कसं असेल?

म्हणून पुढच्या वेळी कुणी तक्ता केला तर त्यात आणखी रकाने असावेत असं मला वाटतं. स्वतःचं यंत्र चालतं का? पाच वर्षांचे मिळून किती? सेवा सोडल्यावर रेकॉर्डिंगचं काय होतं? करार तुटला तर? यातल्या पहिल्या रकान्यात सगळ्या कंपन्यांसमोर ‘नाही’ आलं तर ती तुलना तिथेच संपते आणि तो कागद काँग्रेसमधल्या आपल्या प्रतिनिधीकडे पाठवायचा कागद होतो. १९९६ चं ६२९ वं कलम अजून कायद्यात आहे. ते कुणी काढलेलं नाही, वापरायचं तेवढं थांबलं आहे. एडिसन, जर्सी सिटी, फ्रीमाँट इथे आपली माणसं मतदार आहेत, शाळांच्या मंडळांवर आहेत, गावांच्या कौन्सिलवर आहेत. न्यू जर्सीत केबलवर देखरेख ठेवणारं राज्याचं मंडळ आहे आणि लोकांचं म्हणणं तिथे मांडता येतं.

मी स्वतः काय केलं तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी माळ्यावर अँटेना बसवला. न्यूयॉर्कची स्टेशनं त्यावर फुकट येतात. त्याला एक ट्यूनर आणि दोन टेराबाइटची डिस्क जोडली आहे, दोन्ही दुकानातून आणलेली. मुलीने गेल्या वर्षी ओळीने सगळे थँक्सगिव्हिंगचे सामने त्यावर टिपले, आणि त्या रेकॉर्डिंगला ना महिन्याचा आकार आहे, ना नऊ महिन्यांची मुदत. त्यालाही आता घरघर लागू शकते. एटीएससी ३.० हे नवं प्रक्षेपण येतंय आणि पुष्कळ स्टेशनांनी त्याच्या सिग्नलला कुलूप घातलं आहे. फुकटच्या हवेतल्या लहरींनाही किल्ली लागणार असेल तर १९८४ चा निकाल कागदावर राहील आणि माझा ट्यूनर कोल्हापूरच्या माळ्यावरच्या त्या तीन बॉक्समध्ये चौथा.

आई पुढच्या जूनमध्ये पुन्हा येते आहे. मराठी वाहिनी अँटेनावर येत नाही, त्यामुळे तिच्या सहा महिन्यांसाठी मला एक खोकं भाड्याने आणावंच लागेल. ऑर्डर देताना मी विचारलं, माझी डिस्क लावता येईल का? पलीकडच्या मुलीने जरा थांबून, कुणाला तरी विचारून येऊन सांगितलं, लावता येईल, पण त्यातलं रेकॉर्डिंग फक्त आमच्याच खोक्यावर दिसेल.